नाक साफ, हात चिकट

किस्से गोळा करावे लागत नाहीत. घरात एक ससा आणा, लेंड्यांसारखे ते कोपऱ्याकोपऱ्यात आपोआप साठतात. सकाळी झाडून काढावेत, तर दुपारी पुन्हा तेवढेच!

साकोलीत राहून मी उभी हयात बातमीदारी केली. धान खरेदीच्या काट्यावर भांडलो, तलावांच्या लिलावात भांडलो, एकदा तर माझ्याच सत्काराच्या स्टेजवर भांडलो. पण गेल्या हिवाळ्यात एका सशाच्या नाकापायी जेवढा भांडलो, तेवढा कशासाठीच भांडलो नाही. त्याबद्दल मला अजिबात लाज नाही.

आमचं टोळकं आधी सांगतो. कोंढ्याचे हटवार गुरुजी म्हणजे निवृत्त मास्तर. त्यांच्या सशिणीला चार पिल्लं झाली. एक त्यांनी ठेवलं, एक साकोलीच्या मेडिकलवाल्या रवीला दिलं. एक नेलं एकोडीच्या कौतिकाबाईंनी. त्या ढीवर घरच्या, साकोलीच्या बाजारात मासोळी विकतात. चौथं आमच्या घरी आलं, कारण माझी बायको शोभा आणि गुरुजींची बायको मैत्रिणी. शोभानंच मग ‘चार घरचे ससे’ नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला.

आमच्या सशाचं नाव मी ‘संपादक’ ठेवलं. मी लिहिलेला कुठलाही कागद तो अर्धा कापतो आणि उरलेल्यावर बसून राहतो!

* * *

दिवाळीनंतरच्या मंडईचे, गावोगावच्या जत्रांचे दिवस होते. पुण्याला लेकीचं बाळंतपण होतं, म्हणून शोभा तीन महिन्यांसाठी निघाली. बॅग दारात, ऑटो फाटकाशी. एवढ्यात सशाच्या पेटीतून आवाज आला, ‘फिच्!’

संपादक शिंकला होता.

ऑटोवाल्यानं लगेच इंजिन बंद केलं. “काकू, शिक झाली. बसा जराशा, पाणी प्या. अशा शिकेवर निघाचं नसते.”

शोभा बसली. पाणी प्याली. मी घड्याळ पाहत होतो, कारण नागपूरची बस कोणाच्या शिंकेसाठी थांबत नाही. तेवढ्यात पुन्हा, ‘फिच्!’

“दोन झाल्या!” ऑटोवाला खूश. “आता बिनघोर चला. दोन शिका म्हंजे शुभ!”

शोभानं संपादकाच्या डोक्यावरून हात फिरवला. “पाहा, माह्यासाठी दोनदा शिकला. गुणाचं आहे लेकरू!” मग माझ्याकडं वळून, आवाज बदलून म्हणाली, “मी येईन तवा हा मले असाच पाहिजे. असाच म्हंजे असाच. नाही तं मी पुण्याहून येतच नाही, सांगून ठेवते.”

ऑटो वळला. मी फाटक लावून आत आलो. तिसरी शिंक आली. मग चौथी. मग लागोपाठ तीन.

एक शिंक अपशकुनाची, दोन शुभाच्या. सात शिंकांचं काय करायचं, हे ऑटोवाल्यानं सांगितलं नव्हतं!

* * *

दुसऱ्या दिवशी शिंका थांबेनात, तेव्हा संपादकाला पिशवीत घालून मी जनावरांच्या एका दवाखान्यात गेलो. कुठल्या ते सांगत नाही. तिथला बाबू अजून नोकरीत आहे आणि माझं रक्त अजून गरम आहे.

“कोनतं जनावर?”

“ससा.”

त्यानं रजिस्टरवर बोट फिरवलं. गाय, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी. “ससा तं नाही जी याच्यात.”

“इतरमध्ये टाका.”

“इतर भरून गेलं.” मग पिशवीत डोकावून हळूच विचारलं, “जंगलातला तं नाही ना? नाही तं मले जंगलखात्याले कळवा लागन.”

“पांढराशुभ्र आहे तो! नागझिऱ्याच्या जंगलात असा ससा पाहिला का कधी तुम्ही?”

“चिडू नका जी. दूध किती देते?”

मी चिडलो नव्हतो, पण आता चिडलो. जनावराच्या छातीत काही होऊन राहिलं असेल आणि तुम्ही दूध विचारता? नियम दाखवा! साहेबांना बोलवा! मी पत्रकार आहे! तर साहेब दौऱ्यावर. बाबूनं माझं सगळं भाषण शांतपणे ऐकलं आणि एक चिठ्ठी लिहून हातात दिली. म्हणाला, “आता झालं? नोंद घेतली तुमची.”

बाहेर येऊन वाचली.

‘शेळी, एक नग. लहान. कान मोठे.’

* * *

ती चिठ्ठी घेऊन मी लांजेवार मॅडमकडं गेलो. हायवेच्या कडेला त्यांचं स्वतःचं क्लिनिक आहे. बाई कमी बोलतात. गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणाऱ्या माणसाला जास्त बोलायची गरज पडत नसावी.

“काय होतंय?”

“शिंका. पण तसं काही विशेष नाही. नाक पाहा, एकदम साफ. पाण्याचा थेंब नाही.” मी अभिमानानं संपादकाचं तोंड पुढं केलं. पुढंही रोज दुपारी चार वाजता शोभाचा व्हिडिओ कॉल यायचा, तेव्हा मी तिला हे नाकच दाखवायचो. ‘पाहा, कोरडं ठणठणीत!’

मॅडमनी नाकाकडं पाहिलंसुद्धा नाही. संपादकाला मांडीवर उताणा धरला आणि त्याचे पुढचे दोन्ही पंजे हातात घेतले. आतल्या बाजूचे केस एकमेकांना चिकटून बसले होते. पिवळट, राठ, खळ सुकल्यासारखे.

“नाक साफ आहे, कारण तो ते पुसतो. याच्यानं.” त्यांनी पंजा माझ्यासमोर धरला. “काका, सशाचं नाक पाहू नका. हात पाहा.”

अख्खी हयात मी लोकांचे हात पाहून बातम्या काढल्या. तोंड धुतलेलं, कपडे इस्त्रीचे, आणि टेबलाखाली हात बरबटलेले! ते सगळे मला दिसले. आणि माझ्या घरातला हा?

“ससा शिकार होणारा प्राणी आहे,” मॅडम स्टेथोस्कोप लावत म्हणाल्या. “आजारी दिसला की कोणीतरी खाणार, हे त्याला माहीत असतं. म्हणून तो लपवतो. शेवटपर्यंत लपवतो. तुम्हाला दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. धुळीनं एखादी शिंक येते, ते सोडा. पण सारख्या शिंका, चिकट पंजे, ओला डोळा, श्वासात घरघर, आवडीचं पान खाता खाता सोडून देणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी आणायचं. ससा नाकानंच श्वास घेतो. तोंड उघडून घ्यायला लागला, म्हणजे समजा शेवटचं दार उघडलं.”

“आणि आता याचं?”

“वेळेवर आणलाय. छातीत थोडं वाजतंय. रोज इंजेक्शन द्यावं लागेल. वाचेलच असं नाही सांगत.”

मला खोकला आला. मॅडमनी स्टेथोस्कोप कानातून काढला नव्हता.

“हा किती दिवसांचा?”

“धूळ आहे,” मी म्हणालो. “धान कापणीचे दिवस.”

* * *

मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं. संपादकाच्या पेटीत मी राईस मिलचा कोंडा अंथरत असे. धानाच्या जिल्ह्यात दुसरं कोण काय अंथरणार? त्याची धूळ नाकात जाते आणि मूत मुरलं की तिखट वाफ छातीत जाते. म्हणून कोंडा बंद. स्वच्छ तणस, म्हणजे धानाचा पेंढा टाका, रोज बदला, पेटी चुलीच्या धुरापासून दूर ठेवा.

चारही ससे एकाच विणीचे आणि चारही कोंड्यावर झोपणारे. मी क्लिनिकच्या पायरीवर बसूनच आमच्या ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला. धाप लागली होती, त्यामुळं वाक्यं तुटक झाली. “महत्त्वाचं. आजपासून कोंडा बंद. पूर्ण बंद. परिस्थिती गंभीर आहे. नाक पाहू नका, हात पाहा. सगळ्यांनी सावध राहा.”

हटवार गुरुजींचे कान आता पहिल्यासारखे राहिलेले नाहीत. शिवाय मास्तर माणूस, आलेलं ज्ञान पुढं दिल्याशिवाय चैन नाही. त्यांनी ‘कोंडा’चं ‘कोंढा’, म्हणजे आपलंच गाव, ऐकलं आणि तो मेसेज जसाच्या तसा गावाच्या ग्रुपवर पाठवून दिला. वर लिहिलं, ‘साकोलीच्या ज्येष्ठ पत्रकारांकडून.’

आजपासून कोंढा बंद! पूर्ण बंद! परिस्थिती गंभीर!

तासाभरात कोंढ्यातली निम्मी शटर खाली. चहावाल्यानं उकळता चहा आत नेला. हात पाहा म्हणजे काय, तर म्हणे कोणाच्या हातात दगड आहे ते पाहा! मला पत्ताच नाही. मी संपादकाच्या पंजांना कोमट पाण्याचा बोळा लावत बसलेलो.

कोंढ्याजवळच्या पवनीहून एका कार्यकर्त्याचा फोन आला. आवाज तापलेला. “भाऊसाहेब, हा बंद कोनं पुकारला? आमाले काहून विचारलं नाही?”

मीही तापलेलोच होतो. “सशानं पुकारला!”

त्यानं फोनवर हात ठेवला. मागं कोणाशी तरी कुजबुज झाली.

“बरं. मंग आमचा बी पाठिंबा आहे म्हनून छापा.”

* * *

रवीचा किस्सा मी हसत सांगू शकत नाही.

माझा मेसेज ऐकून पंजे पाहणारा पहिला माणूस तोच. रवीचा ससाही ढवळा, त्यामुळं चिकट केस लगेच दिसले. त्यानं मला फोन केला. “काकाजी, बरोबर आहे तुमचं. माह्यावाल्याचे बी हात चिकटच आहेत. शिकते बी. पन खाऊन राहिला मस्त.”

“म्हणजे वेळेत सापडला. आत्ता ने मॅडमकडं.”

“नेतो ना. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की नेतो.”

नेला नाही. दुकानात अँटिबायोटिकची सगळी कपाटं भरलेली असताना माणूस रांगेत कशाला बसेल? लहान लेकरांना देतात ते गुलाबी, गोड औषध त्यानं ड्रॉपरनं पाजलं. ससा चाटून चाटून प्याला म्हणे. रवीनं त्याचा फोटोही ग्रुपवर टाकला. मी चार भाषांत शिव्या दिल्या. तो म्हणाला, “काकाजी, टेन्शन नका घेऊ. मी औषधाईतच लहानाचा मोठा झालो.”

तिसऱ्या दिवशी सशानं खाणं सोडलं. मग जुलाब. चौथ्या दिवशी सकाळी रवी त्याला घेऊन क्लिनिकच्या दारात उभा होता. मी संपादकाचं इंजेक्शन घ्यायला तिथंच बसलेलो. मॅडमनी कापड बाजूला केलं, पुन्हा झाकलं.

“सर्दीनं नाही गेला,” त्या म्हणाल्या. “पोटातले चांगले जंतू तुमच्या औषधानं मारले. माणसाची काही औषधं सशाला तोंडावाटे देऊच नयेत.”

रवी पायरीवर बसला. “मी दुकानात कोनालेच चिठ्ठीबिगर गोळी देत नाही, काकाजी. इमानानं सांगतो, कोनालेच नाही.”

मला भांडायचं होतं. तोंडात सगळं तयार होतं. पण नाही भांडलो.

आठवड्यानं त्याच्या दुकानात गेलो, तर काउंटरच्या काचेवर आतून एक कागद चिकटवलेला. अक्षर त्याचंच.

‘सशासाठी औषध मागू नये. दुकानदाराने स्वतः देऊन पाहिले आहे.’

* * *

त्या दिवशी घरी येऊन मी पेन काढलं. जिल्ह्यात किती घरांत ससे असतील, त्यांना कोण सांगणार? सशाच्या श्वासाच्या आजाराची सुरुवातीची लक्षणं कशी ओळखावी, यावर मी तीन कॉलमांचा मजकूर लिहिला. शिंका, पंजे, डोळा, घरघर, सोडलेलं पान, माणसाचं औषध नको. एक शब्द फालतू नाही. मी ज्या पेपरला बातम्या देतो त्याच्या डेस्कला पाठवला आणि वरून फोन केला, “एक ओळ कापाल तर खबरदार!”

डेस्कवरचं पोरगं नवीन, पण नम्र. “नाही सर, एक ओळही नाही कापत. फक्त हेडिंग आकर्षक करतो.”

सकाळी पेपर उघडला. मजकूर पूर्ण होता. एक ओळ कापलेली नव्हती. वर चार कॉलमांत, लाल अक्षरांत:

‘सशांना सर्दी! खवय्यांनो, रस्सा करताना सावधान!’

मी फोनवर एवढा ओरडलो की खोकल्याची उबळ थांबेना. अर्धा तास बोलताच आलं नाही. डेस्कचं पोरगं बिचारं “सर? सर?” करत राहिलं.

पेपर फेकला तो पेटीजवळ पडला. संपादक मान लांब करून पुढं आला आणि हेडिंगपासूनच कुरतडायला लागला.

इतक्या वर्षांत संपादकानं योग्य जागी कात्री लावलेली मी पहिल्यांदाच पाहिली!

* * *

कोंढ्यावरून गुरुजींनी एक व्हिडिओ टाकला. त्यांचा ससा अंगणात कोवळ्या उन्हात बसलेला. मान वर, नाकपुड्या फुललेल्या, तोंड किंचित उघडं, डोळे अर्धे मिटलेले. मागं गुरुजींनी रेडिओ लावलेला. खाली लिहिलं होतं, ‘आमचे बुवा भजनात तल्लीन!’

गुरुजींच्या बायकोनं बदाम टाकला. रवीनं दोन हात जोडले. मी चष्मा शोधत होतो.

तेवढ्यात कौतिकाबाईंचा आवाजी मेसेज आला. बाईंना लिहिता येत नाही, त्या बोलूनच धाडतात. मागं बाजाराचा गलका, आणि त्यावरून त्यांचा खणखणीत आवाज.

“ओ गुरुजी! कायचं भजन घेऊन बसले जी? तलावातली मासोळी सकाळी असंच तोंड वर काढून बसते. कवा काढते, माहीत हाय? पान्यात दम नसते तवा! तुमचं जनावर दम घेऊन राहिलं! उठा!”

मी व्हिडिओ पुन्हा पाहिला. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्या भात्यासारख्या आत जात होत्या. आणि मी, सगळ्यांना लक्षणं शिकवणारा, चष्मा शोधत होतो!

गुरुजींना फोन लावला तर बिझी. पुन्हा बिझी. मॅडमना लावला. त्यांनी पवनीतल्या एका ओळखीच्या डॉक्टरांना तयार ठेवलं. शेवटी गुरुजी मिळाले ते मोटरसायकलवरच. मागं बायको, तिच्या मांडीवर टोपली. मॅडमनी सांगितलं होतं ते मी ओरडून सांगितलं, “टोपली हलवू नका, तोंडात पाणी घालू नका, कापडानं गच्च गुंडाळू नका!”

“मग काय करू?” गुरुजी रडकुंडीला आलेले.

“गाडी चालवा!”

ससा वाचला. पण त्याच्या नाकात कायमची घरघर राहिली. चार घरं ऐकतील एवढा घोरतो. गुरुजींनी त्याचं नाव बुवाच ठेवलंय. मात्र कौतिकाबाई भेटल्या की हा माणूस, अख्ख्या गावाला शुद्धलेखन शिकवलेला मास्तर, खाली वाकून त्यांना नमस्कार करतो. बाई लाजतात.

“राहू द्या जी गुरुजी,” म्हणतात. “मी तं मासोळीची गोष्ट सांगतली होती.”

* * *

आता आमचं घर. इंजेक्शनं चालू होती, शिंका कमी झाल्या होत्या, मी निर्धास्त होत होतो. एका सकाळी संपादकासमोर सांबाराची काडी धरली. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. इडलीबरोबर मिळतो तो वेगळा. त्यानं हुंगली. एक पान तोडलं. चावता चावता थांबला. पान ओठाला तसंच लटकत राहिलं.

आवडीचं पान खाता खाता सोडून देणं.

मी त्याला घेऊन चालतच निघालो. ऑटो मिळेपर्यंत थांबवेना. क्लिनिकची पायरी चढताना दोनदा कठड्याला धरून उभा राहिलो. मॅडमनी त्याचं औषध बदललं, चारा वाटून सिरिंजनं भरवायला दिला. “दोन दिवस,” म्हणाल्या. “दोन दिवसांत स्वतःहून खाल्लं, लेंड्या पडल्या, तर आपण जिंकलो.”

चार वाजता शोभाचा कॉल. “कसा आहे?”

“मस्त!”

“नाक दाखवा.”

दाखवलं. कोरडं, साफ.

“आवाज कायले बसला तुमचा?”

“भांडलो.”

“कोनासंग?”

“सगळ्यांसंग.”

तिला ते पटलं. इतक्या वर्षांच्या भांडणांचा कुठंतरी उपयोग व्हायचाच.

ते दोन दिवस मी पेटीजवळ सतरंजी टाकून बसलो. सिरिंज, कापूस, पाणी. थंडी पडली होती, नाक वाहायचं, दोन्ही हात गुंतलेले असायचे, रुमाल कोण शोधणार? मनगट होतं. ज्या माणसानं मंत्र्याच्या गाडीसमोर ठाण मांडलं, तो एका सशाच्या लेंडीची वाट पाहत बसला होता. हसा खुशाल!

दुसऱ्या दिवशी दुपारी कौतिकाबाई बाजार आटोपून आल्या. त्यांची एक पद्धत आहे, जी आता ससा असलेल्या आमच्या तिन्ही घरांत चालते. रोज ससा उचलायचा आणि त्याची छाती कानाला लावायची. त्यांचा स्वतःचा ससा एकदाही आजारी पडला नाही. बाईंनी संपादकाला माझ्या मांडीवरच राहू दिलं, खाली वाकून कान लावला आणि डोळे मिटले.

“घर्र घर्र होऊन राहिलं, भाऊ.”

मी मॅडमना लावायला फोन उचलला.

“थांबा.” त्यांनी संपादकाला उचलून स्वतःकडं घेतलं, दूर दारापाशी गेल्या, पुन्हा कान लावला. बराच वेळ. “ह्याचं तं साफ हाय जी. एकदम साफ.” मग माझ्याकडं वळल्या. “मंग आता कोन घर्रघर्र करून राहिलं होतं?”

मी इकडं तिकडं पाहिलं.

“फ्रिज असेल,” मी म्हणालो.

* * *

तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीत अकरा लेंड्या होत्या. मी मोजल्या. आयुष्यात कुठल्याही निवडणुकीचे आकडे इतक्या आनंदानं मोजले नव्हते. सांबाराची अख्खी जुडी संपली. मॅडमनी तपासून सांगितलं, छाती मोकळी. पंजे पाहिले, कापसासारखे. मी ग्रुपवर लिहिलं, ‘संपादक कामावर रुजू!’ रवीनं सगळ्यात आधी बदाम टाकला.

चार वाजता कॉल आला. शोभाच्या मांडीवर दोन दिवसांची नात. आधी नात पाहिली, मग तिनं विचारलं, “ससा?”

“मस्त!” आज मी खरं बोलत होतो, त्यामुळं आवाज चढला. “असाच म्हणजे असाच! तू गेली होतीस तसाच!”

“नाक दाखवा.”

संपादकाचं नाक स्क्रीनभर केलं.

“साफ आहे,” ती म्हणाली. “आता हात दाखवा.”

मी चपापलो. “हात?”

“हात. आतून.”

“तुला कोणी सांगितलं?”

“ग्रुप कोनं काढला होता?” शोभा शांतपणे नातीचं दुपटं सारखं करत होती. “कोंडा बंद झाला तवापासून सारं वाचून राहिली मी. रवीचा गेला तवा मी इथं जेवली नाही. तुम्ही रोज मले नाक दाखवत होते, मी रोज पाहत होती. म्हटलं, लपवून राहिले तं लपवू द्या. भांडन लढून राहिले कोनाचं तरी, लढू द्या.”

मी संपादकाला उताणा धरला आणि त्याचे दोन्ही पंजे कॅमेऱ्यासमोर केले. कोरडे, मऊ, पांढरेशुभ्र.

शोभानं स्क्रीनजवळ चेहरा आणून नीट पाहिलं. एक पंजा. मग दुसरा. डोळे भरून आले तिचे, पण आवाज नाही हलला.

“छान,” ती म्हणाली. “आता तुमचे दाखवा.”

मी कॅमेरा पुन्हा सशाकडं फिरवला.